उलाळ

भावसार बाईंनी निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली,
सुरतेच्या हिरेवाल्याकडून, दोन माणसांपुरती,
पिवळीधमक, बूड रस्त्याला टेकेल इतकी ठेंगणी.
शहाद्याने महिनाभर दुसरं काही पाहिलं नाही.
गॅरेजात येऊन म्हणाल्या, "रज्जाक, नववीत घर्षणाच्या धड्यावर
तुला किती पडले होते?"
"पंचवीसपैकी चार."
"मग आता तू शिकव. थंडी पडल्यापासून ही मागून सरकते."

सरकणारच. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना,
आणि मागे वजन म्हणावं तर बाईंची एक छत्री.
लोणखेड्याकडून उसाच्या ट्रॉल्या शेतातून निघतात,
काळी माती डांबरावर थापत जातात;
रात्री दहिवर पडतं, पहाटे त्या मातीचं लोणी होतं.
वर तोरणमाळला तर गवतच पांढरं,
पत्रावळीवर मीठ सांडावं तसं.

आधी टायर पाहिले. नक्षी शाबूत, रबर मेलेलं.
उन्हाळ्यासाठी घडवलेलं ते, गारठ्यात नख रुतेना.
मऊ रबराचे चार धुळ्याहून मागवले, आठ दिवस लागले.
"चारही?"
"चारही. मागचे धरतील आणि पुढचे घसरतील,
असा संसार नको."
हवा पहाटे भरली, चाकं थंड असताना.
दुपारी मोजलेली हवा खोटं बोलते.

मग तापीची वाळू. पंचवीस किलोची दोन पोती
डिकीत, अगदी मागच्या पत्र्याला टेकवून.
मला वाटलं, झालं.

गुलसिंग पावरा, माझ्या हाताखालचा, डोंगराच्या पायथ्याचा,
पाना पुसत म्हणाला,
"उस्ताद, उलाळ व्हई गई."

बैलगाडीत भार मागे गेला की धुरा वर उठतो,
जू मानेवरून सुटतं, बैल नुसते चालत राहतात.
इथे बैल नव्हते. मी हसलो.
घाटाच्या तिसऱ्या वळणावर, बाईंच्या शेजारी बसून, कळलं:
स्टिअरिंग फिरतंय, पुढची चाकं ऐकत नाहीत,
आणि कठडा हळूहळू मोठा होतोय.
बाईंनी ब्रेक दाबला नाही. पाय उचलला,
गोष्टीचं पान उलटावं इतका सावकाश,
आणि गाडीला पुन्हा रस्ता आठवला.
मला मात्र माझं नाव आठवायला वेळ लागला.

तिथेच पोती पुढे ओढली, सीटच्या पाठीशी,
बरोबर मागच्या आसाच्या डोक्यावर,
दोरीने आवळली. गुलसिंगचं नाव घेतलं नाही.

"आता पाय," मी म्हणालो.
माझे आजोबा रुई पिंजायचे. तातीवर लाकडी मूठ
जोरात हाणली तर कापूस उडतो, पिंजला जात नाही.
एक्सिलरेटर तसा. पहिला गिअर विसरा, दुसऱ्यात उठवा.
क्लच असा सोडा, की चाकाला चाहूल लागू नये.
एक चाक गरगरायला लागलं, तर तिथेच थांबा:
ज्याला धरायला काही नाही
तेच सगळी ताकद उधळून टाकतं.
"हे डिफरन्शियलचं सांगतोय, बाई. माणसांचं नाही."
"कळलं," त्या म्हणाल्या. "तेहेतीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी."

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पुन्हा गेलो.
माती आली, लोणी आलं, तिसरं वळण आलं.
शेपूट एकदा हलली, गायीने माशी वारावी एवढीच.
वर सपाटीवर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरल्या,
गवतावरचं पांढरं नखाने खरवडलं, जिभेला लावलं.
"एवढ्यासाठी चार टायर?" मी विचारलं.
"एवढ्यासाठीच."
मग म्हणाल्या, "चारचे किती करू? बोल."

मी खाली घाटाकडे पाहिलं.
गुलसिंग मोटारसायकलवर मागून येत होता,
कानाला आईचं लुगडं गुंडाळून,
सावकाश, दुसऱ्या गिअरात.
"त्याला द्या," म्हणालो.