दिवे लावणारी

नऱ्ह्याच्या चढावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर
दहा खुर्च्या, त्यातल्या सातच धड.
तासाला चाळीस. गुरुवारी वीज गेली
तर पैसे परत नाहीत,
पाटीवर लाल अक्षरात, खाली दोनदा रेघ.

आम्ही पाच. भैरव पुढे उभा राहून मार खातो,
तन्वीर जंगलातून येतो, कधीच न सांगता,
ओवीकडे मधली वाट,
रेवण शेवटपर्यंत सोनंच साठवत राहतो,
आणि मी दिवे लावते.

म्हणजे झुडपात शिरते,
नदीच्या वळणावर एक ठेवते,
एक त्यांच्या जंगलाच्या तोंडाशी.
दीड मिनिट तेवढा तुकडा उजळतो,
मग विझतो. पुन्हा जायचं.
ह्याला वॉर्ड म्हणतात. महापालिकेचा नव्हे,
ह्याला नगरसेवक नाही, म्हणून कामाचा.

बाबा कात्रज डेपोत कंडक्टर.
ते पहाटेच्या ड्युटीला निघतात
तेव्हा मी चपला हातात घेऊन जिना चढत असते.
"आलात दिवे लावून?"
मी हो म्हणते. खोटं कुठे आहे.

त्या रात्री फायनल होती.
एकतिसावं मिनिट.
नकाशा कोपऱ्यात, तळहाताएवढा,
त्यावर लाल ठिपके दोन, दोन्ही वरच्या वाटेला.
तीन दिसत नव्हते.
दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं,
हे मला भूगोलाच्या बाईंनी नाही शिकवलं.

भैरव म्हणाला, राक्षस घेऊ. आत्ता. पाचही जण इथे आहोत.
तन्वीर म्हणाला, तीन कुठायत?
ओवी म्हणाली, त्या झुडपात दिवा आहे का?

नव्हता.
शेवटचा मी खालच्या वाटेला लावून आले होते,
रेवण एकटा होता, घाबरला होता,
त्याला जरा धीर यावा म्हणून.

हेडफोनमध्ये चौघांचे श्वास.
कुणाचा तरी पंखा.
चार सेकंद, फार तर पाच.

सोडा, मी म्हणाले. मागे या.
अगं गनिमी कावा, भैरव ओरडला.
त्याला आधी कावा लागतो, ओवी म्हणाली,
आणि वळली. सगळे वळले,
भैरव सर्वांत शेवटी, शिव्या देत.

मग राक्षस त्यांनी घेतला.
मग मधला बुरूज, मग त्याच्या मागचा,
मग आमचं अंगण.
जिंकलेल्यांना एकेक माऊस मिळाला
आणि पिझ्झ्याची कुपनं, सोमवार ते गुरुवार चालणारी.

नंतर भैरवने रिप्ले लावला.
झुडूप रिकामं होतं.
तिघंही आपापल्या घरी, खरेदी करत होते.
मागे नेलं, पुन्हा लावलं. बघ. रिकामं.
पुन्हा. बघ ना.
मी बघत होते. तिथलं एक पान
दर तीन सेकंदांनी हलत होतं, वारा नसताना.

रिप्लेत धुकं नसतं, भैरव.
तिथे झेरॉक्सवालासुद्धा शहाणा.
मला पुन्हा त्याच वळणावर उभं कर,
तेच दोन ठिपके दे, तेच तीन लपव,
मी सोडाच म्हणेन.
हे त्याला पटलेलं नाही. आठवडा झाला, बोलत नाही.
आणि रेवणला कुणी सांगितलेलं नाही
की तो दिवा त्याच्यासाठी गेला.
मीही सांगणार नाही.

त्या पहाटे बाबा जिन्यात भेटले,
खांद्याला तिकिटाचं मशीन.
"काय, लावले दिवे?"
एक कमी पडला, मी म्हणाले.

ते थांबले.
"कुठे?"
असं विचारलं, जणू गाडी तिथून न्यायची होती.

नदीपाशी.

"तिथे अंधारच असतो," म्हणाले,
"भिडे पुलाकडून जाऊच नये रात्रीचं,"
आणि पहिल्या गाडीला निघून गेले.