उचलता येईल एवढं चाक

कालगुर्लीच्या यार्डात सहा गाड्या उभ्या,
काचांवर खडूनं लिहिलेल्या किमती,
आणि लेस्टर ओकडेन एकेकीच्या पाठीवर थाप मारत चाललेला
बाजारात बैल दाखवावा तसा.

पहिली पांढरी, कोरी करकरीत.
सीटला चामडं, पडद्यावर नकाशा.
बटण दाबलं की वाळूतून आपसूक निघते, म्हणाला.
मी विचारलं, बटणच बिघडलं तर?
तर पर्थहून माणूस येतो.
पर्थ इथून सहाशे किलोमीटर
आणि मी जाते ते उलट्या दिशेला, आणखी चारशे.
सोन्याची सुरी झाली म्हणून
कुणी उरात खुपसून घेत नाही, लेस्टर.
पुढची दाखव.

दुसरीचं पोट जमिनीला टेकलेलं.
स्पिनिफेक्सचं वाळकं गवत सायलेन्सरपाशी साठतं,
तापतं, धुमसतं.
टुल्ली भावांची गाडी अशीच गेली,
उरले चार रिम आणि एक किटली.

तिसरीपाशी मात्र माझे पाय थांबले.
लांब पाठीची, निळसर, दोन टाक्या, एकशे ऐंशी लिटर.
अशीच होती आमची.
ब्रॅम तिला म्हातारी म्हणायचा,
मला म्हणायची कधी हिंमत झाली नाही.

बत्तीस वर्षं गाडी त्यानं निवडली
आणि गाडीत काय भरायचं ते मी:
ऐंशी लिटर पाणी, पंख्याचे दोन पट्टे,
डिटेक्टरच्या बॅटऱ्या, चहा, सुईदोरा.
मल्गाच्या खुंटानं टायर फाडला
की द्यायच्या शिव्या तेवढ्या
त्याच्याकडे सांभाळायला दिल्या होत्या.

मागच्या जूनमध्ये, लॅव्हर्टनच्या पलीकडे, टायर फाटला.
त्याची टोपी आरशाला टांगलेली,
सुटं चाक टपावर,
मी खाली,
आणि मधे माझे चौसष्ट वर्षांचे खांदे.
दोर नसलेल्यानं विहिरीतलं पाणी बघावं
तशी दुपारभर त्या चाकाकडे बघत बसले.
रेडिओ खरखरला, बोलला नाही.

उन्हं उतरताना एल्वा आली,
घोरपडीच्या मागावर निघालेली वोंगाथा बाई,
एका दाराला दोरी बांधलेला पिकअप, मागे चार नातवंडं.
मोठीनं टपावर चढून चाक ढकललं,
धाकट्यानं नट आवळले, एक मोजायला विसरला,
एल्वानं कान धरून मोजायला लावला.
तिच्या गाडीकडे माझी नजर गेलेली तिनं पाहिली.
हसली. म्हणाली,
तुम्ही लोक ओढायची ताकद बघून गाडी घेता.
आम्ही ढकलता येईल ती घेतो.

म्हणून आज यार्डात मी लेस्टरला म्हटलं,
जॅक दे, पाना दे, आणि जरा गप्प बस.
निळीचं चाक छातीपर्यंत आलं, तिथून वर जाईना.
चौथीचे नट गंजलेले.
पाचवीच्या खाली जॅक लावायला जागाच सापडेना,
लेस्टरलाही.

सहावी पार मागे, पत्र्याच्या आडोशाला.
मोहरीच्या रंगाची, दोन दारांची, आखूड,
काचा हातानं फिरवायच्या, गारव्याचं यंत्र नाही,
सुटं चाक मागच्या दाराला, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर.
गुडघ्यांखाली पोतं घेतलं, घड्याळ काढून समोर ठेवलं.
बावीस मिनिटं.
मधे एकदा श्वास घ्यायला थांबले, ती धरून.

टाकी लहान आहे हिची, लेस्टर म्हणाला,
फार आत नाही जाता येणार.
ठाऊक आहे.
ब्रॅमला जिथे सात ग्रॅमचा खडा सापडला
तो लाल कडा आता हिच्या पल्ल्याबाहेर.
खडा गोळ्यांच्या बाटलीत आहे, कपाटात.
कडा राहील तिथेच.

नऊ हजार तीनशे सांगितले,
साडेआठला दिली. टायर जुने म्हणून.

बसले. सीट पुढे ओढली.
त्याची टोपी आरशाला टांगली
तर आरसाच निखळून हातात आला.
लेस्टर दुसरीकडे बघायला लागला.
आरसा शेजारच्या सीटवर ठेवला,
टोपी डोक्यावर.
थोडी मोठी होते. भुवईपर्यंत उतरते.
उन्हाला बरी.