पंधरा तारखेचा शिक्का

मे महिन्यात मी पंखा बंद ठेवून नोटा पाहतो.
जळगावात हे वेडेपण आहे, मान्य.
पण एकाची नोट उडून शेजारच्या सराफाच्या पायरीवर पडली
की तो उचलून देतो, आणि हसतो.
त्याच्याकडे घासून किंमत ठरते.
माझ्याकडे घासलं की किंमत गेली.

मेव्हण्याच्या घड्याळाच्या दुकानात माझी दीड हात काच.
भिंग, चिमटा, शिसपेन्सील,
आणि घाम नोटेवर टपकू नये म्हणून गळ्यात पंचा.

सिंधूबाई भारंबे फैजपूरहून आल्या
पापडाच्या डब्यात बारा नोटा घेऊन.
सगळ्या एकाच्या. प्रत्येकीवर एक तिकीट डकवलेलं,
वर शिक्का: भुसावळ, तिकीट प्रदर्शन, जानेवारी त्र्याहत्तर,
मधोमध वाफेचं इंजिन,
धूर मागे जाण्याऐवजी पुढे चाललेला.

मी नेहमीचं सांगत बसलो.
शिक्का अर्धा तिकिटावर हवा, अर्धा नोटेवर,
तरच तो दोघांना बांधतो.
नुसता तिकिटावर असेल तर काय,
ते कुणी काल रात्रीही चिकटवलं असेल.
घडी शिक्क्यातून जायला नको. शाई फुटायला नको.
आणि मावशी, एकाच्या नोटेवर वचन नसतं,
'अदा करीन' हे दोनापासून पुढे.
हिच्यावर नुसती सही.

"मंग बरंय," त्या म्हणाल्या, "मोडाचं भेव नाही."

ही तीनशे. हिचा कोपरा गेलाय, दीडशे.
ही बारा तारखेची, ही तेरा, ही चौदा, चौदा,
पुन्हा तेरा, हिला वाळवी लागलीय, ही राहू द्या.
मग दहावी.

पंधरा.

प्रदर्शन चौदाला संध्याकाळी आटोपलं होतं.
पंधराला तो शिक्का लाखबंद थैलीत
नाशिकच्या वाटेवर असायला हवा.
कोल्हापूरचा एक माणूस अशा चुकीसाठी
बायकोच्या पाटल्या मोडेल.

"ही पण तीनशे," मी म्हणालो.

"आंगठा थांबला तुमचा."

मी वर पाहिलं नाही.

"माहा बाप भुसावळले आरेमेसमधी सॉर्टर व्हता.
रातभर टपाल फेके खणांत, गाडीच्या आवाजात.
पत्ता चुकला असला की डोये मांगून वाचत,
आंगठा आधी थांबे.
आता भाव सांगा."

पंखा बंद होता, तरी मला वाटलं
काहीतरी उडून गेलं काचेवरून.

नऊ हजार, मी म्हणालो. कदाचित अकरा.
माझ्याकडे एवढे नाहीत, विकून देतो, दहा टक्के माझे.
पण ही आली कुठून ते कळायला हवं,
नाहीतर लोक बनावट म्हणतील.

आली कुठून?
ती थैली मध्यरात्रीनंतर तोताराम भारंब्यांच्या हाताखालून गेली.
त्यांनी लाख सोडवली, तारखेचा आकडा फिरवला,
एकदा मारला, पुन्हा लाख लावली.
तीस वर्षं साधा गोल शिक्का मारला होता, हजारोंनी,
एकदा इंजिनाचा मारून पाहायचा होता.
बस, एवढंच.
दुसऱ्या दिवशी पगारातून तिकिटाचे वीस पैसे
खिडकीवर भरले म्हणे. पावती मागितली नाही.

"हे लिहू का खाली?" मी विचारलं.
लिहिलं तर भाव वाढतो,
आणि एक मेलेला माणूस चोर ठरतो.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.
"लिहा. पेन्शन बंद कराले आता कोन बसलंय?
फक्त शुद्ध लिहा. बापाले अशुद्ध पत्ता चालत नसे."

दहा नोटांचे रोख दिले, तीन वेळा मोजून घेतले त्यांनी.
वाळवीवाली परत नेली, सातपुड्याकडे तोंड असलेल्या
दुपारच्या एसटीनं.

पंधरा तारीख अजून विकलेली नाही.
कोल्हापूरचा माणूस फोनवर फोन करतो.
मी गिऱ्हाइकापुढे पाकिटांची चवड सरकवतो,
ती कुठेतरी मधे,
आणि भाव विचारेपर्यंत
त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहतो.