अर्धा आटा

नट आधी चहाच्या पियाल्यांत ठेवले.
पियाले संपले तेव्हा बुरुलच्या
जर्दाळू वाळवायच्या ताटात.
ती खिडकीतून बघून म्हणाली,
उद्या पाहुण्यांना वॉशर वाढते.

कोचकोरमध्ये मे महिन्यातही
संध्याकाळी बोटं गारठतात.
अंगणात इझ प्लानेता उघडी पडलीय,
टाकी एकीकडे, सीट भिंतीला टेकून.
घोडा म्हणू नकोस तिला, जोमार्त म्हणतो,
घोड्याला निदान घरची वाट कळते.

ओरेनबुर्ग इथून दोन हजार तीनशे किलोमीटर,
थोडं इकडेतिकडे.
माझी मुलगी तिथं बेकरीत रात्रपाळी करते.
विमान आहे. बस आहे.
पण विसाव्या वर्षी त्याच गावच्या बराकीत
बटाटे सोलता सोलता
आम्ही दोघांनी ठरवलं होतं:
परत येऊ तर स्वतःच्या गाडीवर,
आणि सार्जंटच्या दारात हॉर्न वाजवू.
सार्जंट केव्हाच गेला असेल.
हॉर्न जोमार्तनं आज दुरुस्त केला.

पॉइंटमधली फट तो गेजनं मोजत नाही.
दाढीच्या ब्लेडचे चार तुकडे एकावर एक,
आत सरकले, अडले, बस.
कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर.
खाली स्तेपमध्ये हवा दाट,
तिथं पेट्रोलही दाट लागेल.
"इतक्या हवेची सवय नाही तिला.
तुलाही नाही."

मग पेट्रोलची गाळणी उलटी करून ठोकली.
गाळ पडला, तांबूस, चिमूटभर.
"ही तुझी जाळी. माझी नारीनला आहे."
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
चार-चार तास यंत्राला बांधलेला,
रक्त बाहेर जाऊन, धुऊन परत येतं.
डाव्या हातानं काही उचलायचं नाही.
म्हणून मागचं चाक मी उचललं
आणि तो नुसता हळू, हळू म्हणत राहिला,
जणू मी त्याचीच एखादी काचेची वस्तू चोरून नेतोय.

चाकाची एकेक तार पान्यानं वाजवून पाहिली.
सतरावी बद्द बोलली.

ती आवळताना टॉर्च माझ्या हातात,
आणि माझं बोट त्याच्या मनगटावर पडलं.
तिथं डॉक्टरांनी कातडीखाली शिरा जोडल्यात,
त्या थरथरतात, अखंड,
बंद करायचं राहून गेलेल्या इंजिनासारख्या.
मी बोट काढलं नाही.
"आयडलिंग जरा जास्त आहे," तो म्हणाला.
मला हसायचं होतं.
टॉर्च हलली,
आणि तो चिडला: उजेड! उजेड नीट धर.

मागचे फूटरेस्ट काढू या, मी म्हटलं,
दीडेक किलो वाचेल.
तो एक नट शोधत राहिला, बराच वेळ.
नट समोरच होता.

अंधार पडल्यावर दुसऱ्या किकला ती उठली.
निळा धूर, कुत्री, शेजारचं दार.
"क्लच घसरतो का बघू," म्हणत तो मागं बसला,
कालव्याच्या पुलापर्यंत,
उजवा हात माझ्या खांद्यावर.
क्लच घसरत नव्हता.
पुलावर वळायला मी उगीच वेळ लावला.

परतल्यावर तो उतरला नाही,
मलाही उतरू दिलं नाही.
बुरुलला हाक मारून पाना तिच्या हातात दिला.
"वजनाखाली चेन ताठ होतेय.
अर्धा आटा सैल कर."
तिनं माझ्याकडं पाहिलं.
इतकी वर्षं या अंगणात पाने उचलून दिलेत तिनं,
एकट्याखाली ती लोंबणार, हे तिलाही कळतं.
मी मान हलवली. कर.

किझिलोर्दानंतर रस्ता म्हणे सरळच आहे,
उंट आडवे आले नाहीत तर
हँडल वळवायला कारण नाही.
तिथं रबरी नळीत चेन आपटत राहील,
टक, टक.
थांबून ताणता येईल.
पाना सीटखालीच आहे.