जित्राबं

बाप गायी राखायचा. मी यांना राखतो:
काचपट्टीवरच्या एका थेंबात
देठावर डुलणाऱ्या घंटा,
तोंडाशी चक्र फिरवत धावणारी काही,
आणि एखादं आठ पायांचं, अस्वलाच्या चालीचं,
जे दिसलं की समजायचं, टाकीची तब्येत बरी आहे.
बिलारेगातल्या चार हजार माणसांचं
धुणं, न्हाणं आणि उरलेलं सगळं
ही खातात. मी नुसती हवा सोडतो,
गाळ परततो, जाळीवरचा कचरा ओढतो.
कुणी विचारलंच तर सांगतो, नगरपालिकेत असतो.

टाकी निरोगी असली की घाण येत नाही,
नुकत्या नांगरलेल्या मातीचा वास येतो.
हे मी बायकोला अजून पटवू शकलेलो नाही.

सान रोकेच्या जत्रेला गाव बारा हजारांचं होतं.
तांब्याच्या हंड्यांत ऑक्टोपस शिजतात,
हंड्यांचं तेलकट पाणी रात्री गटारात,
बॅगपाइपवाले पहाटेपर्यंत थकत नाहीत,
आणि कुणीतरी, दरवर्षी कुणीतरी,
ओल्या रुमालांचं अख्खं पाकीट संडासात सोडतं.
दोन वाजून चाळीस मिनिटांनी दुसरा पंप
घशात चिंधी अडकल्यागत घोगरला
आणि बसला.
पाणी काठाला आलं.

आता हिशेब असा:
सगळं टाकीतून जाऊ दिलं
तर कळप वाहून जातो, नवा जमायला तीन आठवडे,
तोवर नदीला रोज कच्चंच.
नाहीतर बाजूची झडप उघडायची,
एका रात्रीचं पाप एका रात्रीत.
हे पुस्तकात आहे. पुस्तकात
झडपेच्या खाली सहा किलोमीटरवर
माझी बहीण नाही.

चाकाच्या सत्तावीस फेऱ्या. मी मोजल्या.
नोंदवहीत 'कारण' या रकान्यात लिहिलं, जत्रा.
खोडलं. लिहिलं, पंप क्र. २.
मग एउदोसियाला फोन लावला.
ओहोटी साडेसहाची; ती बूट चढवत असणार.
'आज चिखलात उतरू नका.'
ती काही बोलली नाही. मागे कॉफी उकळत होती.
'किती सोडलंस?' तिनं विचारलं,
गवळ्याला विचारावं तसं.

खाडीवर लाल पाटी लागली. सतरा दिवस.
अकरा बायका,
अकरा दाताळी भिंतीला टेकवलेली.
तिसऱ्या मात्र वाळूत होत्या तिथेच,
तोंडं किलकिली करून पाणी गाळत.
त्याही आल्यागेल्याचं सगळं खातात,
म्हणजे माझ्याच धंद्यातल्या.
फक्त त्यांना ते पोटात ठेवावं लागतं,
आणि रात्रपाळीचा भत्ता नाही.

अठराव्या दिवशी बहीण प्रकल्पावर आली,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
कठड्याला धरून टाकीत वाकली, वास घेतला.
'माती,' म्हणाली. जरा रागानंच.
मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.
तिनं आधी चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर.
खूप वेळ गेला.
'ही जित्राबं वाचवलीस?'
'हीच.'
'बरी गुबगुबीत आहेत,' म्हणाली,
आणि खुर्ची काही सोडली नाही.