पीळ

रात्री साडेअकराला शिवाजीनगरच्या वेधशाळेतून
मी बावधनला पोचतो, तेव्हा फाटकाशी अप्पलराजू असतो.
सोसायटीत त्याला राजू म्हणतात.
रजिस्टरातही तेवढंच.

रविवारी त्याच्या गावावरून वादळ गेलं.
श्रीकाकुळमच्या खाली, नकाशावर टाचणीच्या टोकाखाली झाकलं जाईल
एवढं गाव.
पत्रे उडाले. सासऱ्याची होडी विहिरीपाशी सापडली.
बायको फोनवर आधी माडांचाच हिशेब देत राहिली :
अकरा उभे, सव्वीस आडवे.

सोमवारी आम्ही त्याचा दर्जा उतरवला,
मंगळवारी आणखी.
डोळा बुजला, वेटोळी सैल पडली,
नांदेडपर्यंत येता येता
नुसतं कमी दाबाचं क्षेत्र.
दुपारच्या पत्रकातून त्याचं नाव
मीच गाळलं. नियम आहे तसा.

बुधवारी रात्री ते पुण्यात आलं.
पाऊस म्हणायचीही लाज वाटावी
अशी भुरभुर, दिव्याच्या खांबाभोवती,
गाड्यांच्या टपांवर.
"साहेब," अप्पलराजू म्हणाला, "हे तेच का?"

मी सांगू लागलो.
जमिनीवर त्याला ऊन पाणी मिळत नाही,
झाडं, घरं, डोंगर अंगाला घासतात,
म्हणजे खाली बघशील तर संपलंच.
पण वर, चार-पाच किलोमीटरवर...
मी बोटानं हवेत उलटा वळसा काढला.
सुंभ जळतो रे, पीळ राहतो.

सुंभ त्याला कळेना.
फाटकाला बांधलेला काथ्या दाखवला, तसा हसला.
दोर त्याला माझ्याहून जास्त कळतो.

"मग आता?"
आता ताम्हिणीतून खाली. पुढे समुद्र.
पाणी अजून कोमट आहे.
"परत उठेल?"
बहुतेक नाही उठत. एखादं उठतं.

तो केबिनमधून बाहेर आला,
बाही दुमडली, हात पुढे केला, तळवा खाली.
पाऊस बघायला कुणी असा हात धरत नाही.
विकून टाकलेला मारका बैल
परक्या बाजारात दिसावा,
आणि त्याच्या मानेवर हात जावा,
तसा.
तेलुगूत काही बोलला.
मी अर्थ विचारला नाही.

शनिवारी, वेरावळच्या पार नैर्ऋत्येला,
ढगांनी पुन्हा कूस वळली.
यादीतलं पुढचं नाव लागलं,
कुठल्याशा दुसऱ्या देशानं सुचवलेलं.

"मिळालं नाव?" फाटक उघडता उघडता त्यानं विचारलं.
मी सांगितलं.
त्यानं ते एकदा तोंडात घोळवून पाहिलं.
"जातंय कुठे?"
ओमानकडे.

"तिकडे आमचे चौघं आहेत," तो म्हणाला,
"होडीवर."
फोन काढला, तर तो मेलेला.

मी बॅगेतून चार्जर काढला,
केबिनच्या प्लगात खोचला,
आणि काळ्या काचेकडे बघत
आम्ही दोघं उभे राहिलो.