हाराचा खिळा

पुठ्ठ्याच्या नळीतून बारा चित्रं आली,
राजारामपुरीतल्या नव्या हार्ट हॉस्पिटलची.
"पट्टी सोनेरी, काच बिनचकाकीची,"
डॉक्टरांचा माणूस म्हणाला,
"आणि बघून पेशंटला बरं वाटलं पाहिजे."
हे शेवटचं कुठल्या मापात बसवायचं
ते त्यानं सांगितलं नाही.

नळीतला कागद सोडला की पुन्हा गोल होतो.
चार कोपऱ्यांवर ठेवलं
फेविकॉलचा डबा, हातोडी, चहाचा रिकामा पेला
आणि अब्बांचा चष्मा.
मधे अमेरिका उघडली.

दीडशे वर्षांपूर्वीची. डोंगरामागून ऊन असं,
गुजरीत कुणाच्या हातून मूस कलंडावी तसं.
विजेनं चिरलेलं एक झाड.
एवढी मोठी नदी
आणि तिला एक पायरी नाही.

आमच्याकडे येतात देव,
नाहीतर लग्नं, नाहीतर गेलेली माणसं.
अब्बांनी या गावचे निम्मे देव चौकटीत बसवले,
निम्मे म्हातारे.
रिकामी जमीन कुणी आणली नव्हती आजवर,
तीही सातबाऱ्याशिवाय.

इंगवले मास्तर रोज पेपर वाचायला येतात.
चौतीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली.
वाकून बघत म्हणाले,
"लांबचं निळं, जवळचं तपकिरी.
आम्हीपण हेच शिकवलं की.
फक्त पन्हाळा निळा होण्याइतका
लांब कधी गेलाच नाही आमच्यापासनं."
मग बराच वेळ गप्प.
मग, "रेहाना, हे पाणी
कुणी प्यालेलं दिसत नाही गं."

मी भिंतीकडे बघितलं.
छातीएवढ्या उंचीवर पंचगंगेची रेघ आहे,
दोनदा रंग दिला, वर येते.
त्या साली ती स्वतः आत आली होती,
तीनशे फोटो बघून गेली.

भिंग लावलं तर सूर्य नव्हताच.
पिवळे, गुलाबी, निळे ठिपके,
कुणीतरी रांगोळीसाठी टाकावेत
आणि जोडायचे राहून जावेत.

खाली बारीक अक्षरात लिहिलेलं,
मास्तरांनी मराठी करून सांगितलं,
निर्जन प्रदेश, सायंकाळ.
"निर्जन," ते म्हणाले, "कधीपासनं?"

सातव्या चित्रात तो सापडला.
डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा,
पाठ आपल्याकडे.
डोक्यावर टोपी आहे की पीस,
ठिपके सांगेनात.
भिंग जवळ नेलं की माणूस जातो,
लांब नेलं की येतो.

अर्ध्या इंचाचा माउंट कापून ठेवलेला,
बारा चित्रांना बारा, एका मापाचे.
ठेवून बघितला. बरोबर त्याच्या पाठीवर बसला.
बाकीचं सगळं तसंच,
डोंगर, झाड, सोनं,
नुसता तो नाही.
किती सोपं असतं, मला वाटलं,
पाव इंचाचं काम.

नवा पुठ्ठा घेतला. डावी बाजू बारीक कापली.
मास्तर म्हणाले, "वाकडं दिसंल."
दिसू दे.

शनिवारी फोन आला.
"मॅडम, हे वर पितळी खिळे कशाला?
मयताचे फोटो हायत काय हे?
पेशंटचे नातेवाईक बघायला लागल्यात."
हाताची सवय. आमच्या प्रत्येक चौकटीला
वर मधोमध एक खिळा असतो,
हार अडकवायला.
बाराही चित्रांना मारला होता,
माझ्या लक्षातच नाही.

पक्कड घेऊन गेले. स्टुलावर चढले.
लांबलचक पॅसेज, फिनेलचा वास,
बाकावर एक बाई डबा उघडून तशीच बसलेली.
एकेक उपसत गेले, अकरा.

सातव्यापाशी पक्कड लावली,
थोडा वेळ नुसती धरून उभी राहिले,
मग खाली उतरले.

"हा निघत नाही," म्हटलं.
"आत सागवान आहे हो,
एकदा धरलं की सोडत नाही."